नऊ अंशांचा मासा

माझ्या नवऱ्याचं नाव धीरज. धीर संपतो तो माझा. जपानमधल्या इचिकावात आल्यापासून हा तिसरा हिवाळा, आणि दर रविवारी हा माणूस नदीकाठी निगोईची वाट बघत बसतो. निगोई म्हणजे मिशीवाला मासा. खायचा नाही हं, फोटो काढून परत पाण्यात सोडायचा!

बरं, गळ तरी टाकावा? छे! हा पडला इंजिनिअर. कुठेतरी वाचलंय म्हणे, थंडीत पाणी नऊ अंशांच्या वर गेल्याशिवाय निगोई तोंड उघडत नाही. म्हणून तापमापीची वायर पाण्यात सोडायची, आकडा बघत बसायचं आणि संध्याकाळी गळाला लावायला मी मळून दिलेल्या कणकेच्या गोळ्या तशाच घरी आणायच्या. "एक मिळू दे कश्मिरा, मग सगळे रविवार तुझे," असं वचन दिलंय त्याने. मला ते रविवार हवे होते. एकटीने टीव्हीसमोर जेवून वीट आला होता.

गेल्या रविवारी मीही गेले. आकडा सहा. धीरज कोपऱ्यावरच्या कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, टॉयलेटला गेला आणि माझं डोकंच फिरलं. थर्मासच्या झाकणात नदीचं पाणी घेतलं, त्यात घोटभर गरम चहा ओतला आणि तापमापीची वायर बुडवली. चौदा! अगं बाई! अजून थोडं नदीचं पाणी. दहा वर्षं बोट बुडवून दही विरजतेय मी, मला नऊ अंश काय अवघड? मग झाकण वायरीसकट काठाच्या दगडांत लपवलं.

धीरज आला तो आकडा बघून किंचाळलाच. "नऊ पॉइंट दोन! गोळी दे, गोळी!"

गळ टाकला आणि पाच मिनिटांत काठी वाकली. चांगला हातभर निगोई! आणि तोही सहा अंशांच्या पाण्यात! म्हणजे या तीन हिवाळ्यांत नुसता गळ टाकला असता तरी... असा राग आला मला!

पण त्याचे डोळे भरून आले होते. "बघितलंस? नऊच लागतात," म्हणाला. आता खरं कसं सांगणार?

घरी येऊन त्याने शब्द पाळला. "आजपासून सगळे रविवार तुझे." मी खूश! मग तापमानाच्या नोंदींची वही मिटत म्हणाला, "तूही यायचंस आता नदीवर. तू आलीस तेव्हाच पाणी तापलं."

आज रविवार. मी नदीकाठी, मांडीवर थर्मास. आकडा साडेपाच आहे, आणि धीरज माझ्याकडे आशेने बघतोय.