लिओनीची तिसरी बाटली

जिन्याच्या सतरा पायऱ्या चढून होईपर्यंत लिओनी ट्रेझाइझने मनाशी पक्कं केलं होतं की आज काहीही झालं तरी कुणाकडून सूट घ्यायची नाही.

ॲडलेडच्या कोर्टांपासून पाच मिनिटांवर जुन्या पुस्तकांचं एक दुकान आहे. त्याच्या माडीवर दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी एक वाजता पाच वकील जमतात. प्रत्येकाच्या डोक्यावर स्वतःच्या वयापेक्षा जुनी टोपी असावी लागते. ठरलेलं पुस्तक वाचून यावं लागतं. आणि एकाने वर्तमानपत्रात गुंडाळून वाइनची एक बाटली आणायची असते. ती काळ्या पेल्यांतून प्यायची, म्हणजे रंगावरूनही ओळखता येत नाही. ज्याची पाळी असेल त्याने द्राक्ष, प्रदेश आणि साल सांगायचं. सालात दोन वर्षं इकडंतिकडं चालतात, बाकी कशात नाही. लागोपाठ तीन पाळ्या चुकल्या तर त्या सभासदाची टोपी भिंतीवरच्या खुंटीला लागते आणि खुर्ची रिकामी होते.

हा शेवटचा नियम एकोणीस वर्षांपूर्वी लिओनीनेच लिहिला होता. विमा कंपन्यांची कामं करणारा हेडली पास्को प्रत्येक वाइनला ‘छान’ म्हणायचा आणि पुस्तकाच्या चर्चेत झोपायचा. त्याला घालवण्यासाठी हा नियम झाला, आणि तिसऱ्यांदा चुकल्यावर हेडलीची टोपी लिओनीने स्वतःच्या हाताने खुंटीला लावली होती. आजवर भिंतीवर तेवढी एकच टोपी होती.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आठवडाभर ताप येऊन गेला आणि त्यानंतर लिओनीला कशाचाही वास येईनासा झाला. डॉक्टरांनी आधी तीन महिने थांबा म्हटलं, मग सहा, मग काही म्हणेनासेच झाले. जूनमधल्या पाळीत ती चुकली, नोव्हेंबरमध्येही चुकली. ‘दोन वाईट दिवस’ असं म्हणून तिने वेळ मारून नेली. आज तिसरी पाळी होती.

कोर्टात उभं राहणं सोडल्यापासून आठवडाभर ती लोकांची मृत्युपत्रं करी. समोर बसलेली माणसं दुखावलेली तरी असत किंवा घाबरलेली तरी, आणि ती म्हणेल त्याला मान डोलवत. त्रेसष्टाव्या वर्षी ‘तू चुकतेस, बाई’ असं तिला तोंडावर सांगणारी माणसं फक्त या माडीवर उरली होती. ही खुर्ची गेली तर तिच्या आयुष्यातलं भांडणच संपणार होतं.

माडीला लागून हातभर स्वयंपाकघर होतं. तिथे व्हेस्ना पाव कापत होती. व्हेस्ना मारुशिच कौटुंबिक न्यायालयात वकिली करायची. उमेदवारीची दोन वर्षं तिने लिओनीच्याच ऑफिसात काढली होती. तिच्या डोक्यावर पन्नासच्या दशकातली, जाळी लावलेली छोटी निळी टोपी होती. आजची बाटली तिने आणली होती.

तिने दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. “लिओनी, मागच्या महिन्यात माझ्या घरी टोस्ट जळून कोळसा झाला. तुम्ही त्याच्या शेजारी उभ्या होता.”

“मग?”

“मग मला कळलं. कुणाला सांगितलं नाही मी. पण आजची बाटली कुठली ते तुम्हाला सांगते. एक शब्द. कुणाला पत्ता लागणार नाही.”

“मला लागेल,” लिओनी म्हणाली.

“ही काय कोर्टातली केस आहे?”

“तिथे हरले तर अपील करता येतं. सुरी दे इकडे, किती जाड कापतेयस. ड्युगलला एवढा पाव दिलास तर तो पुस्तकावर बोलणारच नाही.”

“तो तसाही बोलणार नाही. त्याने वाचलंय कुठे!”

व्हेस्नाचा अंदाज खरा ठरला. पुस्तक होतं देवमाशांच्या शिकारी जहाजावरच्या एका वैद्याची रोजनिशी, खालच्याच दुकानात सापडलेली. ड्युगल मॅकिनिस फौजदारी वकील. देह अवाढव्य, आवाज त्याहून मोठा, आणि डोक्यावर काळी, कडक, गोल टोपी. तो म्हणाला, “वैद्याने माणसांपेक्षा हवामानावर जास्त लिहिलंय.”

“हे पहिल्या पानावर आहे,” लिओनी म्हणाली. “शेवटी त्या वैद्याचं काय होतं?”

“मरतो.”

“तो न्यूझीलंडला जाऊन शाळा काढतो, ड्युगल.”

“म्हणजे तेच की!”

बार्नाबी क्विलियम हसता हसता खोकले. ते निवृत्त दंडाधिकारी, वय एकोणऐंशी, आणि टेबलाचे अध्यक्ष. त्यांना महायुद्धाच्या आधीची टोपी शोधावी लागली होती. गवताची, सपाट माथ्याची ती टोपी दर बैठकीला थोडी थोडी झडत असे. आणखी दहा वर्षं जगलो तर नुसती रिबीन घालून येईन, असं ते म्हणत. त्यांच्या शेजारी ऑरेलिओ फान्तिन, जमिनीच्या खरेदीविक्रीची कामं करणारा, सडपातळ आणि हळव्या स्वभावाचा. आजोबांनी इटलीहून येताना घातलेली मऊ काळी टोपी तो घालत असे. ती तो बैठकीतही काढत नसे आणि, ड्युगलच्या मते, अंघोळीतही.

बाटली आली. काळे पेले भरले गेले. लिओनीने आपली करड्या फेल्टची, १९२८ सालची टोपी काढून टेबलावर उलटी ठेवली. पाळी असलेल्याने तसं करायचं असतं. मग तिने घोट घेतला.

नाक गेलं तरी जीभ होती. थंड. आंबटपणा धारदार, दातांच्या मुळाशी जाणारा. गोडवा नाही. तुरटपणा नाही, म्हणजे लाल नव्हे. छातीत फारशी ऊब नाही, म्हणजे मद्य कमी. रीझलिंग किंवा सेमिलॉन, दोन्ही पांढरी द्राक्षं. त्यापुढे तिच्या जिभेला काही सांगता येईना.

“अध्यक्ष,” ती म्हणाली, “मला दोन साक्षीदार तपासायचे आहेत.”

“काय करायचंय?” ड्युगलने विचारलं.

“तुला आणि ऑरेलिओला काय वास आला ते विचारायचंय. सांगणाऱ्याने इतरांना विचारू नये असा आपला नियम नाही.”

बार्नाबींनी पेला खाली ठेवला. “नियम कुणी लिहिलेत?”

“मी.”

“मग त्यात खोट शोधण्यात मी दुपार घालवणार नाही. विचार. व्हेस्ना, बाटली तुझी. तू गप्प बसायचं.”

व्हेस्नाने बाटली आपल्याकडे ओढून घेतली.

ड्युगल खूश झाला होता. तीस वर्षं तो इतरांना पिंजऱ्यात उभं करत आला होता, त्याला कुणी केलं नव्हतं. “शपथ घेऊ?”

“तुझ्या शपथेची किंमत सगळ्या कोर्टांना माहीत आहे. पहिला वास कसला आला?”

“लिंबाच्या सालीचा.”

“पिकलेल्या की हिरव्या?”

“हिरव्या. नखाने खरवडल्यावर येतो तसा.”

“आणि त्याच्या मागे?”

ड्युगलने डोळे मिटले. या बाबतीत तो थट्टा करत नसे. “दगड. पावसात भिजलेली पाटी असते ना, तसा.”

हिरवं लिंबू आणि भिजलेला दगड. सेमिलॉन बाद झालं. हे रीझलिंग, आणि प्रदेश बहुधा क्लेअर व्हॅली. लिओनी ऑरेलिओकडे वळली.

“फुलं,” तो लगेच म्हणाला. “पांढरी फुलं. आणि गुलाब, पण अगदी लांबून.”

फुलं म्हटली की दुसरा प्रदेश, ईडन व्हॅली. दोन साक्षी दोन दिशांना ओढत होत्या. अशा वेळी काय करायचं ते लिओनीला झोपेतही येत होतं: कोणता साक्षीदार कच्चा, ते आधी शोधायचं.

“ऑरेलिओ, फेब्रुवारीत तुला कसला वास आला होता?”

“फेब्रुवारीत? आठवत नाही.”

“मला आठवतो. गुलाबाचा. वाइन लाल होती. आणि मार्चमध्ये?”

“मार्चमध्ये... असेल काहीतरी फुलांचंच.”

“डिसेंबरमध्ये?”

ऑरेलिओने टोपी किंचित मागे सरकवली. “माझ्या आईच्या अंगणात गुलाब होते, लिओनी. मला तो वास लवकर सापडतो.”

“म्हणजे अंगणातला वास तू पेल्यात घेऊन येतोस. असंच ना?”

“असेलही,” तो हळूच म्हणाला आणि खाली बघू लागला.

“अरारा,” ड्युगल पुटपुटला. “गेला बिचारा.”

व्हेस्ना लिओनीकडे टक लावून बघत होती. लिओनीने तिकडे पाहिलं नाही. साक्षीदार मोडला की अंगात एक गरम लहर येते. ती कितीतरी वर्षांनी आली होती. आता फक्त साल उरलं. जुन्या रीझलिंगला रॉकेलसारखा वास येतो, नव्याला येत नाही. एवढंच विचारायचं होतं. पण उलटतपासणी रंगात आली की वकिलाला साधा प्रश्न विचारवत नाही.

“शेवटचं, ड्युगल. रॉकेलचा वास तुलाही माझ्याइतकाच जोरात आला ना?”

ड्युगलने पेला पुन्हा नाकाशी नेला, बाजूला केला, आणि तिच्याकडे रोखून पाहिलं. त्या नजरेला शहरातले पोलीस टरकून होते.

“रॉकेल? यात रॉकेलचा मागमूस नाही. तुला कुठून आला?”

उमेदवारीतल्या पोरांना ती दर वर्षी एकच गोष्ट सांगायची: हवं ते मिळालं की खाली बसा, आणखी एक प्रश्न विचारू नका. आता ती स्वतः त्या एका जादा प्रश्नावर येऊन उभी होती.

गंमत अशी, की त्या प्रश्नाने तिला उत्तरही दिलं होतं. रॉकेल नाही म्हणजे वाइन नवी, फार तर तीन वर्षांची. ‘परीक्षा घेत होते तुझी’ असं हसून म्हटलं असतं तर ड्युगलने टेबलावर मूठ आपटून दाद दिली असती. कुणाला काही कळलं नसतं.

“अध्यक्ष,” ती म्हणाली, “मी आत्ता या टेबलासमोर खोटं बोलले. ते विधान मागे घेते. मला रॉकेलचा वास आला नाही. मला कसलाच वास येत नाही. गेल्या एप्रिलपासून.”

बार्नाबींनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“वर्षभर?” ड्युगल म्हणाला. “तरीच! माझ्या अत्तराबद्दल तू काही बोलेनास. मला वाटलं, तुला आवडायला लागलं.”

“अत्तराची तक्रार मी लेखी देईन,” व्हेस्ना म्हणाली.

“लिओनी,” बार्नाबी म्हणाले, “हा नियम आजारी माणसासाठी लिहिलेला नाही. आजची पाळी मी धरत नाही. आपण पुढे—”

“हेडलीला सूट दिली होती आपण?”

“हेडलीचं नाक ठणठणीत होतं, गं. डोकं नव्हतं.”

“त्याने कारण सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का? नसतं ऐकलं. मग माझंही ऐकू नका. माझं उत्तर लिहून घ्या. रीझलिंग. क्लेअर व्हॅली. दोन वर्षांपूर्वीची.”

बार्नाबींनी पेन उघडलं आणि लिहून घेतलं. मग व्हेस्नाकडे पाहून मान हलवली.

व्हेस्नाने वर्तमानपत्र फार सावकाश सोडवलं. रीझलिंग. दोन वर्षांपूर्वीची. ईडन व्हॅली.

खिडकीखालून ट्राम गेली. मग ऑरेलिओ म्हणाला, “फुलं होती.” तो शेखी मिरवत नव्हता. स्वतःचंच नाक परत मिळाल्यासारखा दिसत होता.

“होती,” लिओनी म्हणाली. “तू खरं बोललास आणि मी तुला खोटं पाडलं. सफाईने पाडलं, हे त्याहून वाईट.”

ती उठली. करडी टोपी उचलून भिंतीपाशी गेली आणि हेडलीच्या शेजारच्या खुंटीला अडकवली. ड्युगल उठून मध्ये यायला निघाला होता. तिने नुसता हात वर केला आणि तो थांबला. परत येऊन ती आपल्या खुर्चीमागे उभी राहिली, बसली नाही.

“खुर्ची आता रिकामी आहे,” ती म्हणाली. “रिकाम्या खुर्चीसाठी कोणत्याही वकिलाला अर्ज करता येतो. वयापेक्षा जुनी टोपी हवी, एक अनुमोदक हवा, आणि पुढच्या बैठकीत एक बाटली ओळखायला हवी. बरोबर?”

बार्नाबींच्या कपाळावर आठी पडली, मग हळूहळू गेली. “बरोबर. हेडलीने कधी अर्ज केला नाही.”

“त्याने विचारलंच नाही. मी विचारतेय. पुढच्या महिन्यात नवी टोपी घेऊन येते. बाटली कुणीही आणा, आणि सोपी आणू नका. साक्षीदार मी तेव्हाही तपासणार.”

“नाक नसताना?” ड्युगल म्हणाला. “बाई, तू वेडी आहेस.”

“तुझी निम्मी अशिलं वेडी असतात. त्यांच्यासाठी तू घसा फोडतोस.”

“त्यांना मी गप्प बसायला सांगतो! ऐकतात तरी ती.” तो हसत होता, पण त्याने बाटली उचलली आणि सगळ्यात आधी तिचा पेला भरला.

“अनुमोदक कोण?” बार्नाबींनी विचारलं.

व्हेस्नाने हात वर केला होता. पण त्याआधीच ऑरेलिओने बार्नाबींसमोरचा कागद ओढून घेऊन सही ठोकली होती.

“माझी एक अट आहे,” तो म्हणाला. “पुढच्या वेळी पहिला साक्षीदार मी.”

“साक्षीदाराने अटी घालायच्या नसतात.”

“मग विनंती समज.”

लिओनी पाहुण्यांसाठी ठेवलेल्या स्टुलावर बसली. पिशवीतून पिवळं पॅड काढलं, पेन उघडलं, आणि आपला पेला ऑरेलिओपुढे सरकवला.

“पुढच्या महिन्यापर्यंत कशाला थांबायचं?” ती म्हणाली. “ती फुलं आत्ता सांग. पांढरी म्हणजे कोणती, गुलाब लांबून म्हणजे किती लांबून. सावकाश सांग. मी मध्ये बोलणार नाही.”

ऑरेलिओने पेला नाकाशी धरला, बराच वेळ तसाच धरून ठेवला, आणि मग बोलायला लागला. लिओनीने कागदावर तारीख घातली आणि लिहून घेऊ लागली.