गिरणीची राळ

कागदावर अठ्ठावीस हजारांचा आकडा लिहून गॅरेजवाल्या उदयसिंहने पेन कानामागे खोचलं. "साहेबांना फोन लावून द्या की. त्यांना समजावतो."

शिवलीलाच्या कपाळाची शीर तडतडली. साहेब, म्हणजे तिचा नवरा महेश्वर, हैदराबादला नोकरीवर.

"मला समजावा. गाडी मी चालवते."

"ताई, अल्टरनेटर गेलाय. एसीचा कॉम्प्रेसर पण लई खराब झालाय. उद्या भर रस्त्यात बंद पडली, तर लेकरू घेऊन कुठं जाणार तुम्ही?"

नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं त्याने. बाकड्यावर तिची चार वर्षांची लेक दानेश्वरी तोंड उघडं टाकून श्वास घेत बसली होती. सोमवारी तिच्या टॉन्सिलचं ऑपरेशन. त्याचे तीस हजार शिवलीलाच्या खात्यात होते, आणि त्या खात्यात दुसरं काही नव्हतं. तिला भीती वाटली. मग त्या भीतीचाच राग आला.

आठ दिवस ती आवाज ऐकत होती. आधी सकाळी गाडी सुरू करताना नुसती चिवचिव. परवापासून मात्र एसी लावला की पत्रा ओरबाडल्यासारखी किंचाळी. सात रस्ता चौकात रिक्षावाले वळून बघायचे. पण अल्टरनेटर गेला की लागतो तो बॅटरीचा लाल दिवा एकदाही लागला नव्हता. लेकराच्या घशातली घरघर ऐकत रात्री काढणाऱ्या बाईला आवाजातला फरक कळत नाही, असं वाटतंय काय याला?

"बॉनेट उघडा. गाडी चालू करा आणि एसी लावा."

किंचाळी सुरू झाली. तिने दानेश्वरीची पाण्याची बाटली घेतली आणि लांबूनच इंजिनाच्या फिरत्या पट्ट्यावर चार शिंतोडे उडवले. आवाज तुटला, चिरकला, परत आला.

"अल्टरनेटरचं बेअरिंग गेलं असतं तर त्याला पाण्याचं काय? पट्टा ओरडतोय. काढा तो."

"यूट्यूब बघून आलात होय?"

"बीएस्सी करून आलेय. काढा."

पट्टा निघाला. मग तो ज्यांवरून फिरतो त्यातलं एकेक चाक तिने हाताने फिरवायला लावलं. अल्टरनेटरचं गुपचूप फिरलं. कॉम्प्रेसरचंही. उदयसिंह तिच्याकडे न बघता हात पुसू लागला.

तिने पट्टा उचलला. आतल्या खाचांत पिवळट चिकटा होता. नाकाशी नेला मात्र, ती थिजलीच. हा वास तिच्या घरातला! सासरे सिद्धलिंगप्पांनी चाळीस वर्षं पिठाची गिरणी चालवलेली. गिरणीचा पट्टा घसरू लागला की ते त्यावर राळ, झाडाचा वाळलेला चिकट डिंक, चोळायचे.

"हा चिकटा दिसला नाही तुम्हाला?"

"दिसला होता की. पण..."

"दिसला, आणि तरी अल्टरनेटर लिहिलात?" अठ्ठावीस हजारांचा कागद तिने चार तुकडे करून त्याच्या टेबलावर ठेवला. "चाकं स्वच्छ पुसा. नवा पट्टा घाला. मी इथंच उभी आहे."

"राळ लावली कुणी पण?"

घरचं गाऱ्हाणं या माणसापुढे कशाला? तिने पर्समधल्या घरखर्चातून सोळाशे रुपये दिले, एसी लावून सात रस्ता चौकाला दोन चकरा मारल्या. गाडी हूं की चूं करेना. तिचा राग मात्र घर येईतो चढतच गेला.

सिद्धलिंगप्पा ओट्यावर बसले होते. "थांबला का गं यव्वा आवाज?"

तिने जुना पट्टा त्यांच्या मांडीवर टाकला. "मामा, राळ कधी चोळलीत?"

"परवा. ओरडत होता की! म्हटलं, लेकराला घेऊन जातीस, घसरायला नको."

"गाडी म्हणजे गिरणी नव्हे, मामा! राळेनं पट्टा आणखीच किंचाळायला लागला. आज सोमवारचे पैसे त्या माणसाच्या घशात गेले असते. मला एका शब्दानं विचारायचं होतं!"

सासऱ्यांवर आवाज चढवायची तिची ही पहिलीच वेळ. दानेश्वरी तिच्या पदराला बिलगली. सिद्धलिंगप्पा पट्ट्याच्या खाचांवरून अंगठा फिरवत राहिले. त्यांनी विचारलं, "मग... सोमवारचं?"

"सोमवारचं सोमवारी होणार. राळेचा डबा कुठाय?"

ते उठले, घरालगतच्या गिरणीतून डबा आणून तिच्या हातात दिला. शिवलीलाने तो औषधांच्या कपाटात सगळ्यांत वरच्या फळीवर ठेवला, आणि कुलूप घातलं. त्या फळीवर दानेश्वरीचा हात पोहोचत नसे. मामांचा पोहोचायचा, म्हणून किल्ली तिने कमरेला खोचली.