पावाच्या पोटातलं तापमान

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर कांडीबाबा (हे नाव लोकांनीच ठेवलेलं) वाळक्या पाल्याची जाडजूड कांडी पेटवून एका बाईच्या गुडघ्याजवळ धरून बसले होते. त्यांचा चेला गुडघ्यावर तापमापकाची बंदूक रोखून आकडे ओरडत होता.

"एकतीस! छत्तीस! एक्केचाळीस!"

"रोग वर येतोय!" बाबा गरजले. टाळ्या. कांडी बाजूला झाली, आकडा उतरला. "रोग निघून गेला!" पुन्हा टाळ्या. म्हणजे आकडा चढला तरी गुण, उतरला तरी गुण. अशी सोय दुसऱ्या कुठल्या धंद्यात नाही.

सूनबाई बेकरीतली पाळी संपवून एप्रनसकट धावत आली होती. तिचे सासरे, जन्मभर मशीन चालवलेले शिंपी, पुढच्याच रांगेत मोजा काढून बसले होते. साखरेच्या आजारामुळे त्यांचे पाय बधिर झालेले, आणि बाबांच्या शब्दाखातर आठ दिवस गोळ्या बंद. घरी तिने तोंड उघडावं तर त्यांचं एकच उत्तर, "तू डॉक्टर आहेस का?"

त्यांचा नंबर लागला. कांडी तळपायाला अगदी भिडली.

"चव्वेचाळीस! सत्तेचाळीस!"

"चटका बसतोय का, आजोबा?" बाबांनी विचारलं.

"छे! काहीच नाही."

"बघा! ऊब थेट हाडात उतरली!"

गर्दीतून वाट काढत सूनबाई वर चढली आणि तिने बाबांचा हात ढकलला. "आधी ती कांडी लांब करा!"

"अगं, यंत्र खोटं बोलतं का?" बाबा गोड हसले.

"नाही बोलत. आमच्या भट्टीपाशीही हीच बंदूक असते. पण ती नुसती वरची साल बघते. नवी होते तेव्हा हिच्या भरवशावर मी दोनशे पाव बाहेर काढले. वरून खरपूस, आत कच्चा गोळा. मालक जे बोलले ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही."

लोक हसले. तिने पिशवीतला पाव टेबलावर ठेवला. "आता ह्याला द्या ऊब."

बाबा कुरकुरले, पण गर्दीलाच मजा वाटू लागली होती. कांडी पावाजवळ आली.

"बेचाळीस!" चेला सवयीने ओरडला.

सूनबाईने एप्रनच्या खिशातला सुईचा तापमापक पावाच्या मधोमध खुपसला. "वाचा."

चेला बाबांकडे बघू लागला. पहिल्या रांगेतल्या पोस्टमनने वाकून वाचलं, "अठ्ठावीस."

"श्रद्धा नसेल तर गुण येत नाही," बाबा म्हणाले.

"पावाला कसली श्रद्धा!" मागून कुणीतरी ओरडलं.

"शेकलं की कातडी तापते, घटकाभर बरंही वाटतं," सूनबाई म्हणाली. "कांडी काढली की कातडी निवते. आकडा कातडीचा आहे. आतलं दुखणं बरं झालं की नाही, ते ही बंदूक सांगूच शकत नाही."

सासऱ्यांनी पाय उलटा करून पाहिला. तळव्यावर कोटाच्या बटणाएवढा फोड टरारला होता.

"मला खरंच काही जाणवलं नाही गं," ते म्हणाले.

"तोच तर आजार आहे, मामंजी."

ते तिच्या खांद्याचा आधार घेऊन उठले आणि रांगेला म्हणाले, "अरे, माझा पाय भाजत होता आणि तुम्ही टाळ्या वाजवत होतात. मीसुद्धा वाजवत होतो. ह्यापुढे कुणी आकडा ओरडला, तर आधी विचारा, कशाचा? चल सूनबाई, डॉक्टरकडे ने मला."