दहा शब्दांचा निबंध

‘झाला,’ म्हणून डोमाजींनी वही माझ्यापुढे सरकवली, तेव्हा मी चहाचा पहिला घोटसुद्धा घेतला नव्हता.

विषय दिला होता ‘आमचे गाव’. अडीचशे शब्द, इंग्रजीत. डोमाजींनी लिहिलं होतं ते मराठीत सांगायचं तर असं: ‘गाव लहान. नदी जवळ. कापूस चांगला. माणसं चांगली. सगळं कुशल.’

मी शब्द मोजले. दहा भरले.

‘डोमाजी, अडीचशे सांगितले होते.’

‘मालूम हाये, मास्तर. पन वाचनाऱ्याले समजलं ना?’

‘समजलं.’

‘मंग उरलेले दोनशे चाळीस कायले वाया घालवाचे?’

इतकी काटकसर मला बी.ए.ला कोणी शिकवली नव्हती.

एकोणीसशे बासष्ट सालची ही गोष्ट. मी अमरावतीहून बाभुळगावच्या शाळेत इंग्रजी शिकवायला आलो होतो. वय सव्वीस, आणि इंग्रजीचा ताठा वयाहून मोठा. डोमाजी तिथले पोस्टमन. खात्यातली कारकुनाची परीक्षा द्यायची होती त्यांना. हिशेबाचा आणि नियमांचा पेपर त्यांना तोंडपाठ होता. अडलं होतं ते इंग्रजी लेखनाच्या पेपरात. दोनदा नापास झाले होते. वयाच्या अटीमुळे ही तिसरी खेप शेवटची होती, म्हणून पोस्टमास्तर विठ्ठलरावांनी त्यांना माझ्याकडे धाडलं. दर रविवारी सकाळी माझ्या खोलीत शिकवणी चाले.

परीक्षा कशासाठी, हे त्यांच्या उजव्या गुडघ्याकडे पाहून कळे. सोळा वर्षं त्यांनी आसपासची खेडी पायी पालथी घातली होती. सायकल होती, पण पावसाळ्यात काळी माती चाकाला अशी धरते की माणसालाच सायकल खांद्यावर घ्यावी लागते. गुडघा सुजून आता नारळाएवढा झाला होता. कारकून झाले तर खिडकीमागे खुर्चीवर बसायला मिळणार होतं. आणखीही एक कारण होतं. छप्पन साली डोमाजींचं सारं घर बौद्ध झालं, ते गावातल्या काही ओट्यांना अजून कळलेलं नव्हतं. तिथे पत्र हातात घेत नसत, ओट्यावर ठेवायला सांगत. ‘खिडकीत बसलो म्हंजे टिकीट हातातूनच घ्या लागते ना, मास्तर,’ एवढंच ते एकदा बोलले होते. त्यानंतर पुन्हा तो विषय नाही.

त्यांच्या दहा शब्दांचं मूळ तारेत होतं. गावात तार करायला येणाऱ्या बहुतेकांना लिहिता येत नसे. विठ्ठलराव तारेचा फॉर्म डोमाजींकडे सरकवत. आलेला माणूस पोटभर बोले, डोमाजी ऐकत आणि इंग्रजीत चार-सहा शब्द लिहून मोकळे होत. तारेला शब्दागणिक पैसे; जितके शब्द गळतील तितका गरिबाचा फायदा. या कामात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. ‘डोमाजीले सांग, तो बसवते बरोबर,’ असं लोक म्हणत. त्यांचं सगळं इंग्रजी असं तारेच्या फॉर्मवर वाढलेलं. त्यात ‘आणि’, ‘परंतु’, ‘त्यामुळे’ यांना जागाच नव्हती.

मी नाना उपाय केले. नमुन्याचे निबंध पाठ करायला दिले, त्यांनी पाठ केले. पण लिहायला बसले की पेन आपोआप फालतू शब्द गाळत जाई. गाईवरचा दोन पानी निबंध त्यांनी सात शब्दांत बसवला, आणि खरं सांगतो, गाईबद्दल सांगायचं काही राहिलं नव्हतं.

एका रविवारी त्यांच्याबरोबर त्यांची बायको पंचफुला आली. तिने माझ्यासाठी ज्वारीच्या लाह्या आणल्या होत्या.

‘मास्तर, तुमी याईले बोलाले शिकवता म्हने?’

‘लिहायला.’

‘बोलाले बी शिकवा. लगनाले अठरा वर्सं झाले. “जेवलो, चाललो, आलो.” याच्यावर काही नाही बापा!’

डोमाजी गालात हसले. वही उघडली.

परीक्षेला दोन महिने उरले आणि मी आशा सोडत आलो. तेव्हाच एकदा मधल्या सुट्टीत तिकिटं घ्यायला मी पोस्टात गेलो. खिडकीशी जवळच्याच खेड्यातली रुखमाबाई उभी होती. तिचा नवरा पहाटे वारला होता. मुलगा राजूरला, कोळशाच्या खाणीत. डोमाजी बाकावर फॉर्म घेऊन बसले होते.

‘त्याले लिव दादा,’ ती सांगत होती, ‘का बाप गेला. राती दोनदा तुहं नाव घेतलं म्हना. मले म्हने, त्याच्या वाट्याचा हुरडा ठेव. आता हुरडा कुठचा ह्या दिवसात? पन म्हने. मंग भिंतीकडं तोंड केलं. अन् ढवळ्या बैल सकाळपासून कडब्याले तोंड लावून नाही राह्यला, हे बी लिव.’

‘लिवतो, माय,’ डोमाजी म्हणाले. ती थांबेपर्यंत त्यांनी पेन उचललं नाही. मग तीन शब्द लिहिले. ‘वडील वारले. निघ.’

रुखमाबाईने अंगठा टेकवला, पदराला हात पुसला आणि आशीर्वाद देऊन गेली. तिच्या बोलण्यातलं सारं तारेत गेलं अशाच समजुतीने गेली.

मला गलबलून आलं. थोडा रागही आला.

‘डोमाजी, तिचा हुरडा? बैल?’

‘तारेत बैल नाही बसत, मास्तर.’

‘मग तो जातो कुठे?’

त्यांनी फॉर्म गठ्ठ्यावर ठेवला. मग आपल्या छातीवर बोट ठेवून म्हणाले, ‘अठी हाये ना सारं.’

आणि खरंच होतं. पुढच्या रविवारी त्यांनी एकेक काढायला सुरुवात केली आणि मी चहा करायचं विसरलो. पूनमसिंग नावाच्या तांड्यावरच्या माणसाने मुलगी झाल्याची तार केली होती. बोलता बोलता तो खिडकीशीच नाचला होता, आणि तारेत गेलं होतं ‘मुलगी. दोघी ठीक.’ इंदूबाईने रुसलेल्या नवऱ्याला ‘परत या’ एवढीच तार केली, पण त्याआधी अर्धा तास ती त्याच्या आवडीच्या वांग्याच्या भाजीबद्दल बोलली होती. सोळा वर्षांत गाळलेला एकेक शब्द या माणसाने जपून ठेवला होता.

‘हेच लिहायचं,’ मी म्हणालो. ‘तारेत जे गाळता, ते निबंधात घाला. इथे शब्दाला पैसे पडत नाहीत.’

‘फुकट?’

‘फुकट. हवे तितके.’

त्या दिवशी त्यांनी रुखमाबाईवर एक पान लिहिलं. पुढच्या रविवारी तीन पानं. इंग्रजी लंगडंच होतं, पण ते त्यांच्या गुडघ्यासारखं लंगडत का होईना पोचत होतं. वाचताना मला दोनदा थांबावं लागलं. माझ्या बी.ए.च्या साऱ्या वह्यांत तसं एक वाक्य नव्हतं, आणि याची मला लाज वाटली. आता पास होणारच, असं मी विठ्ठलरावांना छाती ठोकून सांगितलं.

परीक्षेला मी त्यांच्याबरोबर यवतमाळला गेलो. तीन तास एका कडुनिंबाखाली बसून राहिलो. घंटा झाली आणि डोमाजी बाहेर आले ते लग्नघरातून यावं तसे.

‘जमलं?’

‘लय लिवलं, मास्तर! निबंध होता “न विसरलेला दिवस”. म्या रुखमाबाई लिवली. मंग तो पूनमसिंग आठवला, तो बी घातला. दोनदा पुरवनी मांगितली. मांगचा पोरगा पाहूनच राह्यला होता.’

‘शाबास! पत्र?’

‘लिवलं. थोडकं.’

‘आणि उताऱ्याचा सारांश?’

त्यांनी रुमालाने मान पुसली.

‘त्याच्याआधी घंटा झाली ना.’

मी कडुनिंबाच्या पारावर बसलो. सारांश! मोठा उतारा लहान करायचा, पंचवीस गुण. सबंध हिंदुस्थानात त्या प्रश्नाला डोमाजींइतका लायक माणूस नसेल. हातचा मळ होता तो त्यांच्या, दोन मिनिटांचं काम. त्याचा सराव मी एकदाही घेतला नव्हता; गरजच काय, म्हणून. आणि शब्द फुकट असले तरी वेळ फुकट नसतो, हे सांगायला विसरलो होतो. मी मास्तर होतो, आणि मीच विसरलो होतो.

निकालाचं पाकीट नेहमीच्या टपालातच आलं. विठ्ठलरावांनी फोडून वाचलं. डोमाजी सहा गुणांनी गेले होते.

त्या रविवारी ते येणार नाहीत असं मला वाटलं. आले. हातात लाह्यांची पुडी.

‘पंचफुलानं देल्ल्या.’

‘डोमाजी, चूक माझी आहे.’

‘काहून? तुमी बरोबरच सांगतलं होतं. मीच थांबलो नाही.’ मग पुडी माझ्यापुढे ठेवून म्हणाले, ‘पन मास्तर, रुखमाबाईचा बैल कोनीतरी वाचला असन ना? तो तपासनारा?’

‘वाचला असेल.’

‘मंग झालं.’

दुसऱ्या दिवशी पिशवी खांद्याला लावून ते बीटवर, खेड्यांच्या फेरीला, गेले. उजवा पाय ओढत.

पौषात, मी सातवीच्या वर्गात असताना डोमाजी दाराशी येऊन उभे राहिले. शाळेची तार आली तर ते शिपायाजवळ देत. त्या दिवशी शिपाई बाजूला उभा होता आणि तार डोमाजींच्याच हातात होती.

‘मास्तर, बाहीर या.’

मी व्हरांड्यात गेलो. त्यांनी तार माझ्या हातात दिली. अमरावतीहून थोरल्या भावाने केली होती. ‘आई वारली. निघ.’

तीन शब्द. मी ते पुन्हा पुन्हा वाचले. सहा दिवसांपूर्वी तिचं पत्र आलं होतं, मी उत्तर दिलं नव्हतं. कागद उलटा करून मागे काही आहे का, तेही पाहिलं. मागे काही नव्हतं.

डोमाजी हळू आवाजात म्हणाले, ‘तठी काय खोडलं, ते मले मालूम नाही, मास्तर. पन असन. तुमचा भाऊ खिडकीपाशी उभा राहून लय बोलला असन. इचारा त्याले.’

मोटारीच्या थांब्यापर्यंत ते माझ्याबरोबर चालले. माझी पिशवी त्यांनी घेतली होती.

मी भावाला विचारलं. आधी तो म्हणाला, काय सांगायचं, गेली. मग दहाव्या दिवशी, नदीवरून परतताना, आपणहून बोलू लागला, आणि घरी पोचेपर्यंत थांबला नाही.

बाभुळगावला परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सायकलची घंटा वाजली. डोमाजी बीटवर निघाले होते. पिशवी भरलेली होती. दूरची खेडी बाकी होती. त्यांनी सायकल भिंतीला टेकवली आणि ओट्यापाशी आले.

‘इचारलं?’

‘विचारलं.’

‘सांगा मंग.’

ते ओट्यावर टेकणार होते. मी त्यांना थांबवलं. खोलीत माझी एकच खुर्ची होती, ती बाहेर आणली. डोमाजींनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीवर बसले. दुखरा पाय समोर लांब केला. मी खाली ओट्यावर बसलो आणि सांगायला लागलो.