उर्पीच्या दारातली आडवी काठी

थांबा. तिथेच थांबा. माझ्या पाठीमागे पावलं वाजली, ती तुमचीच ना? कोण तुम्ही? कुठून आलात? आणि शालीखाली काय लपवलंय?

रागावू नका. ही माझी जुनी खोड आहे. मित्रांनो म्हणते मी तुम्हांला. पण आधी माझी हकीगत ऐकून घ्या, मग कोण कोणाचा मित्र ते ठरवू.

मी एक जुनी काठी आहे. पुरुषाच्या हातभर रुंदीच्या दाराला आडवी टाकायची, एवढंच माझं काम. नदीच्या वरच्या कड्यावर योके नावाचं झाड उगवतं. त्याचं लाकूड इतकं चिवट की कुऱ्हाड आधी दमते. त्याची एक फांदी रिमाचीने तोडली. रिमाची म्हणजे आमच्या घरचा धनी, गडावर दगड घडवणारा. त्याने मला सोललं, आगीवर धरून सरळ केलं, ओल्या वाळूने घासलं. चटके फार बसले. मधोमध एक गाठ होती, ती मात्र त्याने तासली नाही.

"राहू दे ती," तो बायकोला म्हणाला. "डोळा आहे तिचा. राखण करायची तर डोळा नको?"

त्याची बायको उर्पी हसली आणि घराबाहेर पडताना तिने मला पहिल्यांदा दारात आडवी ठेवली, गाठ बाहेर करून. तेव्हापासून मी अंगणाकडे बघायला लागले.

आमच्या गडावर घरांना दारं नव्हती, कड्या नव्हत्या. माणूस घरी नसला की चौकटीत काठी आडवी. ती दिसली की कोणी आत पाऊल टाकत नसे, मग आत सोनं असो की सुकवलेले बटाटे. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा काठीला कोण भितं? मला कोणी भीत नव्हतं, मित्रांनो. माझा मान ठेवत होते.

पण मान मिळाला की डोकं फिरतं. माझंही फिरलं. ज्याला त्याला मी चोर समजू लागले. शेजारचा म्हातारा वहाणेचा बंद बांधायला दारापाशी वाकला की मी म्हणायची, हा बंद सकाळी सैल नव्हता. ओझी वाहणारं लामा जनावर दाराशी रेंगाळलं तर मला वाटायचं, याला कोणीतरी शिकवून पाठवलाय. खालच्या नदीवरून धुकं चढायचं आणि अंगण दिसेनासं व्हायचं, तेव्हा तर धुक्याचाच संशय यायचा. काविळीच्या डोळ्यांना सगळं पिवळं दिसतं म्हणतात, तशी गत.

त्यात पाक्सी आली.

ती दूरच्या मोठ्या सरोवराकाठची. गडावर कामाला माणसं चहूकडून आणलेली असायची, आणि ज्याने त्याने आपल्याच मुलखाची टोपी घालायची असा राजाचा नियम होता. त्यामुळे परका माणूस लांबूनही ओळखू यायचा. पाक्सीची टोपी उंच, काळी. वय उर्पीहून दहा वर्षांनी जास्त. विणकर होती, एकटी होती आणि अंगणापलीकडे आमच्या अगदी समोर राहायला आली.

"सरोवरवाल्यांचे हात लांब असतात म्हणे," उर्पी पहिल्याच दिवशी रिमाचीला म्हणाली.

"विणायला बरे पडत असतील," तो म्हणाला.

"हसताय काय? रोज सकाळी आपल्या छपराकडे टक लावून बघते ती. मी पाहिलंय."

मीही पाहिलं होतं. सूत कातायची चाती फिरवत पाक्सी दाराबाहेर यायची आणि एकेका घराच्या गवती छपरावरून नजर फिरवायची, मग आमच्यावर येऊन थांबायची. भल्या बाईला दुसऱ्याच्या छपराशी काय काम? मी डोळ्यांत तेल घालून तिच्यावर पाळत ठेवली. तिने मला एकदाही स्पर्श केला नाही, वाट वाकडी करून लांबून जायची. चोर असंच करतो, मी मनाशी म्हटलं.

मक्याची कापणी सुरू झाली तेव्हाची गोष्ट. सूर्याचा सण जवळ आला होता. त्या सणात सूर्याला एक कापड अर्पण करतात, विकुन्या नावाच्या रानटी जनावराच्या लोकरीचं, हाताला पाण्यासारखं लागणारं. अर्पण करतात म्हणजे काय, जाळतात. पण जाळायचं असलं तरी ते अखंड हवं, एक दोरासुद्धा तुटलेला चालत नाही. त्या वर्षी कापडाला झालर लावायचं काम मुकादमाने उर्पीला दिलं होतं. तिच्या आयुष्यातला तो सगळ्यांत मोठा मान होता. मी तर फुगून गेले होते. माझ्यामागे सूर्याचं कापड!

त्या दिवशी उर्पी आणि रिमाची कापणीला खालच्या पायरीशेतात गेली. उर्पीने घाईघाईत मला आडवी टाकली. अंगणात कोणी नव्हतं. धुकं दाट होतं. घरातून धुराचा थोडा वास येत होता, पण चूल असलेल्या घरातून धुराचा वास यायचाच. मी पाठीकडे लक्ष दिलं नाही. मी राखणदार, माझं लक्ष बाहेर.

आणि पाक्सी आली. चालत नाही, धावत. तिने मला दोन्ही हातांनी उचललं आणि बाजूला भिरकावलं. मी तोंडघशी पडले, गाठ चिखलात. इतक्या वर्षांत मला असं कोणी फेकलं नव्हतं! आतून भांडं घसरल्याचा आवाज आला, मग पाणी सांडल्याचा, मग चुलीपाशी पाळलेल्या, इवल्या सशांसारख्या कुईंची चींचीं. त्या चिमुकल्या जनावरांनाही चोर कळला, मला वाटलं. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. शालीखाली काहीतरी गच्च धरलं होतं. तिने मला उचललं, पुसलं आणि परत दारात ठेवलं. पण घाईत उलटी ठेवली. गाठ आत.

मित्रांनो, जन्मात पहिल्यांदा मी घरात पाहिलं. काय पाहिलं? खुंटीवरचं कापड गेलं होतं. चिचेचा, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पेयाचा मोठा घडा रिकामा लवंडला होता. जमीन ओली होती, कोणी झाडून काढल्यासारखी. पुरावा आणखी काय पाहिजे? वर छपराकडे बघायचं मला सुचलंच नाही.

संध्याकाळी उर्पी आली. तिने माझी उलटी गाठ पाहिली आणि तिचा चेहरा उतरला. ती आत गेली, आणि तिची किंकाळी अख्ख्या अंगणाने ऐकली.

"कापड गेलं! अहो, सूर्याचं कापड गेलं! आणि चिचाही पिऊन गेली मेली!"

"कोण गेली?" रिमाचीने विचारलं. "आधी नीट शोध तरी. आणि घडाभर चिचा प्यायलेली बाई सरळ चालत कशी गेली?"

"तुम्हांला थट्टा सुचतेय! काठी उलटी आहे. आपल्या गडावरचा माणूस काठीला हात लावील का? हे परक्याचं काम आहे."

तोवर मुकादम माय्ता येऊन उभा राहिला होता. कापण्यांवर देखरेख करणारा, कोरडा, कमी बोलणारा माणूस. पाक्सीही आपल्या घरातून बाहेर आली होती. ती उर्पीकडे झपाझप चालत निघाली होती, काहीतरी सांगायला तोंड उघडलंही होतं. पण मुकादमाला पाहिलं आणि तिने तोंड मिटलं. मी लगेच ताडलं, पाचावर धारण बसली हिची.

"काठी तू उचललीस?" माय्ताने विचारलं.

"उचलली," पाक्सी म्हणाली.

"का?"

ती उर्पीकडे बघत राहिली. बोलली नाही.

"कापड कुठे आहे?"

तरी बोलली नाही. तिच्या घराची झडती झाली, काही सापडलं नाही.

"तीस वर्षांत या गडावर कोणी काठी ओलांडली नव्हती," माय्ता म्हणाला. "कापड दिलंस तर बघू. नाहीतर तिसऱ्या दिवशी दुपारी तुला खालच्या जंगलात पाठवतो, कोकाची पानं तोडायला मळ्यावर."

 त्या उष्ण जंगलात डोंगरातली माणसं तापाने मरतात, हे लहान पोरालाही माहीत होतं. मला मात्र वाईट वाटलं नाही, मी खरंच सांगते. उलट मला तोंड नाही याचं वाईट वाटलं. मला बोलता आलं असतं तर मी ओरडून सांगितलं असतं, हिनेच नेलं, शालीखाली लपवून नेलं, मी या डोळ्याने पाहिलं! मग तिसऱ्या दिवसापर्यंत कोणी थांबलंच नसतं.

पुढचे दोन दिवस मी दाराच्या कडेला टेकून तिच्याकडे बघत होते. ती आपल्या दारात माग कमरेला बांधून बसली होती. मागावर जाडीभरडी शाल होती, आणि तिचे हात त्या शालीखाली काहीतरी करत होते. सकाळपासून उजेड जाईपर्यंत. जेवायला उठली नाही.  उर्पी येताजाता तिला ऐकू जाईल असं बोलायची.

"प्रवासाची शाल विणतेय वाटतं. निर्लज्ज!"

पाक्सीचे हात शालीखाली चालूच राहिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी उर्पी झऱ्यावर पाणी भरायला गेली. मी आडवी, गाठ बाहेर. पाक्सी पुन्हा आली. मी म्हटलं, आता काय नेतेस? पण तिने मला उचललं नाही. शालीखाली कमरेला गुंडाळलेलं काहीतरी सोडलं आणि माझ्यावर अलगद घडी घातली. सूर्याचं कापड! मला त्याचं वजनच लागलं नाही. त्याला धुराचा वास येत होता. मग ती आपल्या घरी जाऊन बोचकं बांधायला लागली.

उर्पी आली आणि पाण्याचा घडा तिच्या हातून निसटता निसटता राहिला. तिने कापड उजेडात धरलं, इकडून तिकडे फिरवलं. तीही कापडातली माणूस, एका कोपऱ्यावर तिचं बोट थबकलं. वीतभर जागेतली वीण नवी होती. तिने कापड नाकाशी नेलं. मग मला तसंच हातात घेऊन ती घरात शिरली आणि माझ्या टोकाने छपराचं, चुलीच्या धुराने एरवीही काळपट दिसणारं गवत उकरलं.

काळं, जळकं गवत तिच्या डोक्यावर पडलं. माझ्याही गाठीवर पडलं.

तेव्हा आम्हां दोघींना एकदमच कळलं. घाईत उर्पीने विस्तवावर राख नीट ओढली नव्हती. कुईंनी ती उकरली. ठिणगी जमिनीवर अंथरलेल्या गवतावर गेली, गवतावरून खुंटीवरच्या कापडावर, तिथून छपरावर. आग माझ्या पाठीशी पेटली होती आणि मी धुक्यावर पहारा देत उभी होते! साप साप म्हणून मी भुई धोपटत बसले, आणि साप घरात होता. चिचा कोणी प्यायली नव्हती, आगीवर ओतली होती. मित्रांनो, चटके बसले तेव्हाही मला इतकं जळल्यासारखं झालं नव्हतं.

उर्पी मला हातात घेऊनच अंगण ओलांडून धावली.

"बोलली का नाहीस तू?"

"कोणासमोर बोलू?" पाक्सी बोचक्याची गाठ मारत म्हणाली. "तुला सांगायलाच निघाले होते, तर मुकादम उभा. सूर्याचं कापड चुलीत जाळणाऱ्या बाईला त्याने काय बक्षीस दिलं असतं?"

"मी तुला निर्लज्ज म्हटलं."

"ऐकलं मी. आवाज खणखणीत आहे तुझा."

"आणि रोज आमच्या छपराकडे बघायचीस, ते?"

पाक्सीने बोचकं खाली ठेवलं. "सरोवराकाठी आमचं घर असंच जळलं. आई आत होती. शेजारी बाहेर उभे राहिले, धुकं आहे म्हणाले. तेव्हापासून मी रोज सकाळी सगळी छपरं बघते. धूर कुठला आणि धुकं कुठलं, तेवढं बघते."

उर्पी मटकन खाली बसली आणि रडायला लागली. रडून झाल्यावर तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "चल अक्का." त्या दिवसापर्यंत तिने पाक्सीला सरोवरवाली सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं.

मुकादमापुढे उर्पीने सगळं सांगितलं. विस्तव आपण झाकला नाही हेही सांगितलं. सांगताना ती मला टेकून उभी होती. माय्ताने कापड गुडघ्यावर घेतलं. एकदा बोट फिरवलं, दोनदा फिरवलं, तिसऱ्यांदा डोळे मिटून फिरवलं.

"कुठे जळलंय?" त्याने विचारलं.

उर्पीने कोपरा दाखवला. त्याने तिथे पुन्हा चाचपलं.

"मला तर सापडत नाही," तो म्हणाला. "सूर्याला सापडलं तर तो बघून घेईल. पण काठी ओलांडली, तो गुन्हा राहतोच."

उर्पी ताठ झाली. "काठी माझी आहे, मुकादम. मी तिला सांगूनच ठेवलं होतं, अक्का आली तर आत सोड म्हणून."

माय्ताने माझ्याकडे पाहिलं. मित्रांनो, उर्पी धडधडीत खोटं बोलत होती. मला तिने असलं काही सांगितलं नव्हतं. आणि त्या क्षणी मला तोंड नाही याचा मला इतका आनंद झाला की काय सांगू! तोंड असतं तर तीन दिवसांपूर्वीच मी एका चांगल्या बाईला मरायला पाठवून बसले असते.

"काठी काही म्हणत नाही," माय्ता म्हणाला. "म्हणजे खरं असेल. जा, मका वाळत पडलाय."

सणाला ते कापड जळलं. धूर सरळ वर गेला, आणि अंगणात उभी असलेली पाक्सी तो दिसेनासा होईपर्यंत बघत होती.

त्या दिवसापासून उर्पी मला उलटी ठेवू लागली, गाठ आत करून. रिमाची चिडवायचा, "राखणदार घराकडे तोंड करून बसलाय बघा!" ती म्हणायची, "बाहेर बघायला अक्का आहे." मी चुलीवर नजर ठेवायला शिकले, राख नीट ओढली आहे ना ते बघायला शिकले. ती वर्षं माझी सुखाची.

मग राजा वारला. उत्तरेकडून कसलासा ताप आला. गड एकेक घर करून रिकामा झाला. निघताना उर्पी आणि पाक्सी, दोघी म्हाताऱ्या, दारात उभ्या राहिल्या. उर्पीने चुलीवर राख ओढली, दोनदा ओढली, आणि मला आडवी ठेवली. परत येणाऱ्या माणसानेच काठी ठेवायची असते. मी अजून वाट बघते आहे. छप्पर कधीच पडलं. चुलीत नेचे उगवले आहेत. अंगात माझ्या वाळवी शिरली आहे, आणि संशय घ्यायला आता कोणी उरलेलं नाही.

मित्रांनो, राखण जरूर करा. पण दिवसातून एकदा मान वळवून आपल्याच चुलीकडे बघत जा. आणि ज्याच्यावर तुमचा दाट संशय आहे, त्याला एकदा विचारून तरी बघा, तू आमच्या छपराकडे का बघतोस म्हणून.

माझा डोळा अजून आतच आहे, त्यामुळे पाठीमागे कोण उभं आहे ते मला दिसत नाही. मघाशी विचारलं, कोण तुम्ही. आता विचारत नाही. उचला मला आणि आत या. फक्त जाताना मला परत ठेवा, गाठ आत करून.