गुरुजींचं पोट आणि गल्लीचं विरजण

लातूरला रेल्वेने पाणी आलं त्या उन्हाळ्यात अहमदपुरात दोनच विषय होते, टँकर आणि नवा जिल्हा. टँकर कधीतरी यायचा. जिल्हा मात्र रोज सकाळी चहाच्या हॉटेलात यायचा आणि संध्याकाळी परत जायचा.

लातूरमधून फुटून अहमदपूर वेगळा जिल्हा व्हावा यासाठी कृती समिती होती, आणि समितीत बोलता येणारा माणूस एकच होता, रिटायर हेडमास्तर निवृत्ती सोनकांबळे. कोणत्या गावाहून लातूर गाठायला दिवस कसा मोडतो, कुणाची फाईल कुठल्या टेबलावर अडली, सगळं गुरुजींना तोंडपाठ. पण औरंगाबादला आयुक्तांकडे शिष्टमंडळ न्यायचं ठरलं की गुरुजींना काहीतरी आडवं यायचं. एकदा साडूच्या पोरीचं लग्न आलं, एकदा गुडघा आला. दोन्ही वेळा शिष्टमंडळ त्यांच्याशिवाय गेलं, निवेदन दिलं, फोटो काढला आणि परत आलं. समितीचे अध्यक्ष धोंडप्पा आडत व्यापारी होते. मार्केट यार्डात चारचौघांत ते बोलून गेले, की सोनकांबळे गुरुजींना लातूरवाल्यांनी फोडलंय.

खरं कारण गुरुजींचं पोट होतं. सकाळी उठल्यापासून ते चार-पाचदा आत जाऊन यायचे, आणि प्रवास म्हटला की मोजणं सोडून द्यायचे. नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या करून आतड्यात खराबी सापडत नाही असं सांगितलं होतं आणि दुखण्याला एक लांबलचक इंग्रजी नाव दिलं होतं. खराबी नाही, पण नाव आहे, हे गुरुजींना कुणाला समजावून सांगता येईना. त्यात दुष्काळ. टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या घरात असा माणूस फार काळ लाडका राहत नाही. बायको, पंचशीलाबाई, बादली भरून द्यायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं, असं गुरुजींना वाटायचं.

शेवटी मेडिकलवाल्या खाजाने कॅप्सूलची बाटली पुढे केली. यात जिवंत जंतू आहेत, दह्यात असतात त्यांच्या भावकीतले, पोटात जाऊन वसती करतात, पुण्यात सगळे हेच घेतात, असं त्याने सांगितलं. बाटली महाग होती. पंचशीलाबाईंनी तिच्यावरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचली आणि विचार केला. दह्यातले जंतू जिवंत असतील, तर रोज एक गोळी गिळणं ही उधळपट्टी होती. त्यांनी कॅप्सूल फोडली, आतली पूड कोमट दुधात घातली आणि गाडगं झाकून ठेवलं. सकाळी दही लागलं होतं. बाटली कपाटात गेली. जन्माचं विरजण झालं.

आता विरजणाचं असं आहे, की शेजारीण वाटी घेऊन दारात आली तर नाही म्हणता येत नाही. पाणी नाही म्हणता येतं, त्या उन्हाळ्यात सगळेच म्हणत होते. पहिल्यांदा सुलतानबी घेऊन गेली. तिच्याकडून भामाबाईने नेलं, भामाबाईकडून नागुबाईने. आठवड्यात गल्लीभर औषध पसरलं. सुलतानबीची कळ गेली. नागुबाईचं पोट फुगून तबला झालं. भामाबाईला काहीच वाटलं नाही, पण तिचं पोट आधीही दुखत नव्हतं.

गुरुजींना मात्र गुण आला. चक्क आला. सकाळी एकदा, फार तर दोनदा. ते नळेगावला एका बारशाला एसटीने जाऊन आले आणि वाटेत कुठे उतरले नाहीत. खाजाने हे दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, आणि त्याच्या बाटल्या संपल्या.

मग आयुक्तांकडची तारीख आली. पुढचा सोमवार. शनिवारी पहाटे गुरुजी पुन्हा पाचदा आत होते.

त्यांनी बसने नांदेड गाठलं. सोबत दह्याचा डबा नेला होता. डॉक्टरीणबाईंनी डब्यात डोकावून पाहिलं आणि हसू आवरलं. दुधात घातलेल्या जंतूंपैकी कोण जगलं, कोण मेलं आणि हवेतून नवीन कोण येऊन बसलं हे मला सांगता येणार नाही, त्या म्हणाल्या. हे दही म्हणून खा. मग कॅप्सूलने तरी गुण येतो का, गुरुजींनी विचारलं. त्यावर बाईंनी सरळ सांगितलं, की तुमच्या या दुखण्यात काहींना थोडा आराम पडतो, काहींना पडत नाही, आणि कुणाला पडेल हे आधी कळत नाही. प्रत्येक बाटलीतले जंतू वेगळे, एकाने कुणाला गुण आला म्हणून दुसऱ्याने येईल असं नाही. महिनाभर नेमाने घेऊन बघा, फरक वाटला नाही तर पैसे वाचवा. नेमाने म्हणजे गिळून, असंही त्यांनी जोडलं.

आणि मग विचारलं, बरं कधी वाटत होतं?

गुरुजी आठवायला लागले. दही सुरू झालं तेव्हा. पण त्याच आठवड्यात औरंगाबादची बैठक रद्द झाली होती आणि पुढची तारीख मागाहून कळवू असा निरोप आला होता. हे सांगताना ते मधेच थांबले.

परत आल्यावर ते घरी न जाता थेट धोंडप्पांच्या आडतीवर गेले. समिती तिथेच बसली होती.

"गुरुजी, येनार का न्हाई, एकच सांगा," धोंडप्पा म्हणाले. "का परत गुडघा?"

"मला कुणी फोडलं नाही," गुरुजी उभ्याउभ्याच म्हणाले. "माझं पोट बिघडतं. गाडीत बसलं की तासा-तासाला उतरावं लागतं. पाणी घेऊन. तपासण्या करून पाहिल्या, दही खाऊन पाहिलं. राहत नाही."

कुणी हसलं नाही. धोंडप्पा थोडे नाराजच दिसले.

"मी म्हनलं पैशे घेतले," ते म्हणाले. "घेतले असते तर सोपं होतं. तुमाला काढून टाकलं असतं. आता गाडीत पान्याचा कॅन ठेवावा लागंल."

त्या दिवसांत पाण्याचा कॅन कुणी कुणासाठी ठेवत नसे.

सोमवारी जीप निघाली. किनगावला थांबली, अंबाजोगाईच्या अलीकडे थांबली, केजला थांबली. प्रत्येक वेळी उतरताना गुरुजींना मेल्याहून मेल्यासारखं होई, आणि परत बसल्यावर थोडं कमी होई. मांजरसुंब्याच्या आधी एका ढाब्यावर संडासाला कुलूप होतं. पाणी नाही, मालक म्हणाला. धोंडप्पांनी कॅन दाखवला आणि किल्ली मागितली. आयुक्तांना भेटायला चाललेली माणसं आहोत, जिल्ह्याचं काम आहे, असं वजन टाकलं.

"कोनता जिल्हा?" मालकाने किल्ली देत विचारलं.

गुरुजी आत गेले. बाहेर धोंडप्पा सांगू लागले, पण दोन वाक्यांत अडखळले. त्यांनी तालुके उलटसुलट केले, अंतरं चुकवली.

पत्र्याच्या दारामागून आवाज आला, "ते राहू द्या. डोंगराकडच्या गावांचं सांगा. बाळंतिणीला लातूरला न्यायचं तर वाटेत काय होतं ते सांगा."

धोंडप्पांनी सांगितलं. मालकाने उलटा प्रश्न विचारला. उत्तर दारामागूनच आलं, सावकाश, वर्गात शिकवल्यासारखं, मधे थोडं थांबून. टेबलावरची माणसंही ऐकू लागली.

मालकाने त्या दाराकडे बोट केलं.

"आयुक्तांकडं तुमी नगा बोलू," तो धोंडप्पांना म्हणाला. "आतल्या मानसाला न्या."

"त्यालाच तर न्यायलोय," धोंडप्पा म्हणाले, आणि कॅन हातात धरून दारापाशी उभे राहिले.