थोरल्याचा सूर

न्हाव्याची आई पाण्यासाठी हाका मारत मारतच वारली, पण त्याचा थोरला भाऊ प्रार्थना सोडून उठला नाही. तेव्हापासून न्हाव्याने देवाचं नाव टाकलं. "ज्याची माणसं अशी, तो कसला देव?" हे तो गिऱ्हाइकांना ऐकवी, गळ्याशी वस्तरा असल्यामुळे तीही मान्य करत.

आता बायको इस्पितळात अखेरच्या घटका मोजत होती.

"अहो, तेवढी प्रार्थना म्हणा ना."

त्याने तोंड उघडलं, तर हुबेहूब थोरल्याचा ताणलेला सूर! तो ओशाळून थांबला. "मला अशीच येते गं."

"चालेल. मी काय भाऊजींना ऐकतेय?"

तो म्हणू लागला. मध्येच तिने पाणी मागितलं. प्रार्थना तिथेच टाकून तो उठला. पेला घेऊन वळला, तोवर ती गेली होती. हातात पेला धरूनच त्याने उरलेली प्रार्थना पुरी केली, थोरल्याच्याच सुरात.